नंजु आणि पहिला तास

सीमाभागातल्या आपल्या घरांत एकाच दुखण्याला दोन नावे असतात. पायात काटा मोडून जखम चिघळली की घरातली आई म्हणते, ‘सेप्टिक झालंय’, आणि शेजारच्या अज्जी म्हणतात, ‘नंजु आगिदे’. कन्नडमध्ये नंजु म्हणजे विष. विष पचवणारा तो नंजुंडेश्वर. म्हैसूरजवळ नंजनगूडला त्याचे मोठे देऊळ आहे. आपण मराठीत त्यालाच नीलकंठ म्हणतो.

माझा विषय भाषेचा, वैद्यकाचा नव्हे. पण गेली दोन वर्षे मी ‘सेप्सिस’ या आजाराबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे आणि डॉक्टर मित्रांना प्रश्न विचारून भंडावले आहे. त्यातून एक गंमत लक्षात आली. सेप्सिस हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ कुजणे. आजचे विज्ञान मात्र कुजण्यापेक्षा आपल्या अज्जींच्या ‘नंजु’च्या अधिक जवळ आले आहे. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराची नवी व्याख्या केली. तिचे सार असे, की जंतुसंसर्ग झाल्यावर शरीर जो प्रतिकार करते, तोच ताळतंत्र सोडतो आणि स्वतःचेच अवयव निकामी करू लागतो. म्हणजे चोर घरात शिरला म्हणून राखणदारानेच घराला आग लावावी, तसा प्रकार. जंतू निमित्त ठरतात. विष आपल्याच अंगात तयार होते.

पेडण्याची गोष्ट

माझे आजोळ पेडणे तालुक्यातले, आणि एक मावशी डिचोलीला दिलेली. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की साखळी, डिचोली आणि तिथून पुढे पेडणे, हा रस्ता आमच्या पायाखालचा. दोन वर्षांपूर्वी आषाढात मामा लावणीच्या चिखलात उभे होते. पायाला एक चीर पडली होती, तिच्याकडे कोण लक्ष देणार? दोन दिवस ताप आला, पोटऱ्या भयंकर दुखू लागल्या. पावसाचा ताप म्हणून गोळ्या घेतल्या. तिसऱ्या रात्री मामी म्हणाल्या, ‘ह्यांचा बोलणा वेगळाच लागता.’ ताप उतरल्यासारखा वाटत होता, पण श्वास भराभर चालला होता आणि संध्याकाळपासून लघवी झाली नव्हती. मामींनी सकाळची वाट पाहिली नाही. १०८ ला फोन केला.

आधी म्हापसा आणि तिथून बांबोळी. निदान झाले लेप्टोस्पायरोसिसचे. उंदरांच्या आणि गुराढोरांच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि अंगावरच्या जखमेतून रक्तात शिरतात. भातशेती, कुळागरे, गोठे आणि चार महिने कोसळणारा पाऊस, म्हणजे या जंतूंना सगळेच अनुकूल. मामांची मूत्रपिंडे आणि फुफ्फुसे दोन्ही बिघडली होती. नऊ दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. आज ते घरी आहेत, काठी घेऊन बागेत फिरतात.

त्या नऊ दिवसांत अतिदक्षता विभागाच्या दारात बसलेल्या आम्हा नातेवाइकांत दोन वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकू येत होती. एक, ‘व्हेंटिलेटर लावला म्हणजे संपलंच.’ आणि दुसरे, ‘ऑपरेशन नाही, काही नाही, मग हे भूल देणारे डॉक्टर इथे कशाला?’ या दोन्हींची उत्तरे मला नंतर इतिहासात सापडली.

भूल देणाऱ्यांचा वारसा

गोव्याचे आणि भुलेचे नाते जुने आहे. कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेले आबे फारिया हे पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करीत. ही निद्रा कुठल्या गूढ शक्तीमुळे येत नाही, ती ज्याला येते त्याच्या मनातच तयार होते, असे त्यांनी ठामपणे मांडले. १८१९ मध्ये ते वारले. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. पुढे १८४५ मध्ये बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल या स्कॉटिश डॉक्टरने अशाच प्रकारच्या झोपेत रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. लगेच १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली आणि संमोहनाची ती वाट मागे पडली.

वेदना गेली, पण मृत्यू गेला नाही. भुलेमुळे मोठमोठ्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि रुग्ण नंतर जखम चिघळून दगावू लागले. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसने डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले. १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखमा स्वच्छ ठेवण्याची पद्धत मांडली. आपल्याकडच्या जुन्या बायका ज्याला बाळंतरोग म्हणत आणि दैवाला दोष देत, त्यातला मोठा भाग सेप्सिसच होता.

आता अतिदक्षता विभागाकडे येऊ. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण पटापट मरत होते. सुरुवातीला अशा शंभरांतले सत्त्याऐंशी दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवले, की शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही श्वासनलिकेत नळी घालून हाताने फुगा दाबत श्वास देतो, तेच इथे करा. यंत्रे नव्हती. म्हणून सुमारे १५०० वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून दिवसरात्र फुगे दाबले. मृत्यूचे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास आले. पुढच्याच वर्षी इब्सेनने गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. आजच्या अतिदक्षता विभागांचे मूळ तिथे आहे. म्हणूनच भूलतज्ज्ञ तिथे असतात. आणि व्हेंटिलेटर म्हणजे शेवट नव्हे. शरीराला सावरायला वेळ मिळावा म्हणून दिलेला तो उसना श्वास आहे. सगळेच वाचतात असे नाही, पण तो लावला म्हणजे माणूस मरणारच, असेही नाही.

संशोधन काय सांगते?

२०२० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जगाचा हिशेब प्रसिद्ध झाला. २०१७ या एका वर्षात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले. जगातल्या पाच मृत्यूंपैकी एक याच्याशी निगडित होता. त्याच २०१७ साली जागतिक आरोग्य परिषदेने सेप्सिसला आरोग्याचा अग्रक्रमाचा प्रश्न मानणारा ठराव केला.

या आजारात वेळेची किंमत किती? २००६ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या २,७३१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळल्यावर पहिल्या तासात योग्य प्रतिजैविक मिळालेल्यांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के वाचले. त्यानंतर वाया गेलेल्या प्रत्येक तासाने वाचण्याचे प्रमाण सरासरी साडेसात टक्क्यांनी घसरत गेले. पेडण्याहून बांबोळी पस्तीस-चाळीस किलोमीटर. हा हिशेब डोक्यात ठेवला, की ‘सकाळपर्यंत बघू’ या वाक्याचे वजन कळते.

दुसरा अभ्यास आपल्या एका सवयीबद्दल आहे. ताप आला की आपण डॉक्टरांना म्हणतो, ‘एक सलाईन लावून टाका.’ २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांहून अधिक गंभीर तापाच्या मुलांवर संशोधन झाले. भराभर सलाईन दिलेल्यांत पहिल्या दोन दिवसांत १०.५ टक्के मुले दगावली. तसे न दिलेल्यांत ७.३ टक्के. अतिदक्षतेची सोय नसलेल्या ठिकाणी भरमसाट सलाईन घातक ठरले. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आटलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना सलाईन तारते. या अभ्यासात तशी मुले नव्हती. पण सलाईन किती आणि केव्हा, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे, आपण मागायचे नाही.

तिसरा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. नवजात बाळाचे दूध तुटले, रडणे क्षीण झाले, अंग गार पडले, अशा खुणांवरून त्या जंतुदोष ओळखत आणि घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. जंतुदोष झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. मोठे यंत्र नव्हते, खूण ओळखणारी बाई होती. मामींनी त्या रात्री केले ते याच जातीचे काम.

घरात काय ध्यानात ठेवावे

ताप, जखम, खोकला, लघवीची जळजळ किंवा बाळंतपण यांच्या मागोमाग पुढीलपैकी काही दिसले तर थांबू नये: बोलण्यात गोंधळ किंवा गुंगी, श्वास भराभर चालणे, लघवी फार कमी होणे, हातपाय गार पडणे, अंगावर निळसर डाग, आणि ‘असं कधी वाटलं नव्हतं’ अशी गळून गेल्याची भावना. म्हाताऱ्या माणसांत ताप नसूनही हे होते, कधी अंग उलट थंड लागते. मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण, तान्ही बाळे आणि ओल्या बाळंतिणी यांच्याबाबत अधिक सावध असावे.

रुग्णालयात गेल्यावर सरळ विचारावे, ‘डॉक्टर, हा सेप्सिस असू शकेल का?’ शेतात किंवा साचलेल्या पाण्यात काम केले असेल तर तेही आपणहून सांगावे. पावसात शेतात उतरताना शक्य तर बूट घालावेत, जखम झाकावी. साथीच्या दिवसांत लेप्टोवर आधीच घेण्याच्या गोळ्या असतात, त्याबद्दल आरोग्य केंद्रात विचारावे. मात्र घरातल्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या मनानेच घेऊ नयेत. त्याने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात.

आणखी एक. अतिदक्षतेतून परतलेला माणूस लगेच पूर्वीसारखा होत नाही. मामांना कित्येक महिने नावे आठवत नसत, रात्री दचकून उठत. घरच्यांना वाटे, डोक्यावर परिणाम झाला. सेप्सिसनंतर असे अनेकांना होते, हे कळल्यावर मामींनी चिडणे सोडले आणि रोज त्यांना अंगणात चार पावले जास्त चालवू लागल्या.

१३ सप्टेंबर हा जागतिक सेप्सिस दिन. त्या दिवशी भाषण नको, समारंभ नको. वर दिलेल्या खुणा एका कागदावर मराठीत आणि दुसऱ्यावर कन्नडमध्ये लिहून १०८ या आकड्यासह स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवाव्यात. घरात आजारी माणसाचे बोलणे बदलले, हे सर्वांत आधी बहुधा तिथेच कुणाच्या तरी लक्षात येते.