घरगुती सेप्टिक टाकी : निगा आणि दक्षता

शौचालय बांधून झाले की स्वच्छतेचा प्रश्न सुटला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः निगा राखण्याची जबाबदारी तेथूनच सुरू होते. 2014 साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात नंदुरबार जिल्ह्यातही गावोगावी शौचालये उभी राहिली. त्यांपैकी ज्यांना सेप्टिक टाकी आहे, त्यांच्या मालकांनी तिचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

टाकीचे कार्य

टाकीत मैलापाणी सुमारे एक ते दोन दिवस थांबते. जड भाग गाळ होऊन तळाशी बसतो, तेलकट मळी वर तरंगते आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. प्राणवायूविना जगणारे जिवाणू गाळाचा काही अंशच कुजवितात. उरलेला गाळ साचत राहतो. तो वेळेवर न काढल्यास शोषखड्ड्यात शिरून जमिनीची छिद्रे बुजवितो. बाहेर पडणारे पाणी नितळ दिसले तरी त्यात रोगजंतू असतात. म्हणून ते उघड्या गटारात सोडू नये.

जमिनीचा विचार

तापीकाठच्या काळ्या चिकण जमिनीत पाणी सावकाश मुरते; पावसाळ्यात तर शोषखड्डे तुंबतात. याउलट सातपुड्यातील भेगाळ खडकातून दूषित पाणी वेगाने विहिरीपर्यंत पोहोचू शकते. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर दूर असावा.

निगा कशी राखावी

पांढरे कापड गुंडाळलेली लांब काठी बाहेरूनच तळापर्यंत सोडून काही मिनिटांनी वर काढावी. कापडाला चिकटलेल्या गाळावरून थराची उंची कळते. टाकीचा सुमारे एक तृतीयांश भाग गाळाने भरताच उपसा करावा; साधारणतः दोन ते तीन वर्षांनी तो आवश्यक ठरतो. जिवाणूंची वाढ पुन्हा सुरू व्हावी म्हणून तळाशी थोडा गाळ राहू द्यावा. पावसाचे पाणी, चिंध्या व प्लास्टिक टाकीत जाऊ देऊ नये. फिनेल व आम्ल यांचा वापर बेताने करावा. वायुनळीच्या तोंडाशी जाळी असावी.

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयातील बंद ठेवलेल्या खड्ड्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत खत होते. सेप्टिक टाकीत मात्र रोज ताजा मैला मिसळत असल्याने तिचा गाळ थेट शेतात टाकणे योग्य नव्हे.

टाकीत कोणीही उतरू नये

टाकीतील विषारी वायूने माणूस क्षणार्धात बेशुद्ध होतो. त्याला वाचविण्यास उतरणाराही प्राण गमावतो. तेथील हायड्रोजन सल्फाइड वायू अधिक प्रमाणात असल्यास वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही, असे मानू नये. विहिरीतील हवा पाहण्यासाठी कंदील सोडतात, तसा येथे कदापि सोडू नये; मिथेन वायू पेट घेतो.

2013 च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षक साधनांविना टाकी साफ करण्यास माणूस लावणे हा गुन्हा आहे. त्यासाठी पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा निर्बंध घरमालकासही लागू आहे. अशा कामातील मृत्यूबद्दल 30 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दिला आहे.

पंचायतीचे कर्तव्य

ग्रामपंचायतीने गावातील टाक्यांची नोंदवही ठेवून उपशाचे वर्ष त्यात लिहावे. जवळच्या गावांनी मिळून उपसा यंत्राची गाडी मागविल्यास खर्च विभागला जातो. गाळ गोमाई, रंगावली यांसारख्या नद्यांच्या किंवा ओढ्यांच्या काठी न ओतता प्रक्रियेच्या ठिकाणीच पोहोचेल, यावर लक्ष ठेवावे. शिक्षकांनी हा विषय पालकसभेत समजावून सांगावा. वेळेवर केलेला उपसा गावाचे पाणी राखतो आणि माणसाचा जीवही वाचवितो.