एका चौकोनाची उंची

ईसीजीची पट्टी हातात घेतली की रुग्णाचे नातेवाईक माझ्या चेहऱ्याकडे पाहतात. मी मात्र आधी पट्टीच्या कडेला पाहतो. तिथे एक लहानसा चौकोनी उंचवटा असतो. एक मिलिव्होल्टचा विद्युतदाब दिला की रेषा दहा मिलिमीटर वर गेली पाहिजे, त्याची ती खूण.

काही वर्षांपूर्वी परंदवडीचे एक काका छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणून आले. “काल बाहेर पट्टी काढली होती, काही नाही म्हणाले,” असे सांगत मुलाने ती पुढे केली. काही लीडमध्ये रेषा जेमतेम पाऊण मिलिमीटर उचललेली. पण कडेचा चौकोन पाचच मिलिमीटर उंच होता! म्हणजे खरी उचल दीड मिलिमीटर. शेजारच्या दोन लीडमध्ये एक मिलिमीटर उचल दिसली तरी आम्ही झटक्याच्या शंकेने धावपळ सुरू करतो. यंत्र बिघडले होते की कुणी बटण अर्ध्या मापावर ठेवले होते, कळले नाही. काकांना लगेच पुढे पाठवले. ते आज बरे आहेत.

तेव्हापासून यंत्रे तपासणारी यंत्रे बनवणाऱ्या अभियंत्यांविषयी मला कुतूहल आहे. आपल्याकडे या क्षेत्रातले ठळक मराठी नाव प्रभाकर देवधर यांचे. १९६२ साली त्यांनी ॲपलॅब सुरू केली. ठाण्याच्या वागळे इस्टेटीतली ही कंपनी पॉवर सप्लाय, ऑसिलोस्कोप अशी उपकरणे बनवू लागली, तो काळ परकीय चलनाच्या टंचाईचा होता. परदेशी उपकरण मागवायचे तर परवान्यासाठी खेटे घालावे लागत. पुढे राजीव गांधींच्या काळात देवधर केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्ष झाले. रेडिओ, टीव्ही बनवणाऱ्यांची नावे घरोघरी पोचतात. ज्याच्या जोरावर ते रेडिओ तपासले जातात त्याचे नाव कारखान्याच्या टेबलापुरतेच राहते.

हे काम चिवट असते. हृदयाचा छातीवर मिळणारा संदेश साधारण एक मिलिव्होल्टचा, आणि भिंतीतल्या तारांत २३० व्होल्ट. त्या गोंगाटातून खरा आकडा वेगळा काढायचा, तोही मे महिन्यात आणि पावसाळ्यात सारखाच आला पाहिजे. शिवाय तपासणारे उपकरण तपासल्या जाणाऱ्यापेक्षा निदान चौपट अचूक असावे, असा या धंद्यातला जुना दंडक आहे. रक्तदाबाचे यंत्र दहा मिलिमीटरने चुकले तर एखाद्याची गोळी नाहक सुरू होते. त्याला चूक दाखवणारे उपकरणच चुकले तर गावभर गोळ्या सुरू होतील.

कधी उत्तर अगदी साधे निघते. अमेरिकेत विल्यम ह्यूलेट यांनी ठरावीक कंपनांचा विद्युतसंदेश देणारे उपकरण केले. त्यांच्या कंपनीने १९३९ साली ते पहिले उत्पादन म्हणून बाजारात आणले. संदेशाची उंची कमी-जास्त होऊ नये म्हणून त्यांनी त्यात एक छोटा दिवा बसवला. संदेश वाढला की तार तापते, तिचा विरोध वाढतो आणि संदेश आपोआप आवरला जातो. मला हे आपल्या शरीरासारखे वाटते. रक्तदाब वाढला की मानेतल्या धमनीतली संवेदके हृदयाला असेच आवरतात.

भारतात या मापांची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. मुंबईत अंधेरीला सरकारची इलेक्ट्रॉनिक्स चाचणी प्रयोगशाळा आहे. साखळीचे शेवटचे टोक म्हणजे आमच्या वॉर्डात पेटी घेऊन येणारा तंत्रज्ञ. बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे पॅडल तो त्या पेटीवर ठेवतो. पेटीत माणसाच्या छातीऐवजी ५० ओहमचा रोधक असतो. मागच्या खेपेस आम्ही २०० ज्यूल लावले, पेटीने १९४ दाखवले. “चालेल, साहेब,” म्हणत त्याने स्टिकरवर पुढची तारीख घातली आणि पेटी उचलून शेजारच्या वॉर्डात गेला.