आधी खर्रा सोड, मग ये!

बँकेच्या नोकरीत जंगलकाठच्या एका शाखेत मी चार वर्षे काढली. तिथला शिपाई आजही आठवतो तो त्याच्या खर्रा घोटणाऱ्या हातांमुळे. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून तो असा काही तन्मयतेने घोटायचा की समोरच्या ग्राहकाला दोन मिनिटे थांबणे भागच पडे. बाकी माणूस सोन्यासारखा. रोकड मोजताना शंभराची एक नोट जास्त आली तरी रात्री घरी येऊन सांगणारा.

आम्ही दोघेही निवृत्त झालो. एके दिवशी त्याचा फोन आला. "साहेब, तोंडच उघडून नाही राहिलं. भातावर वरण घेतलं तरी आग होते." मी त्याला जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण, हुशार, बोलण्यात नेमका. त्याने बॅटरी मारून तोंडात पाहिले आणि विचारले, "दिवसाला किती खर्रे?" उत्तर आले, "चार-पाच होतेत जी." डॉक्टरने समोरचा कागद बाजूला सारला. "आधी खर्रा सोडा, मग माझ्याकडे या. तोपर्यंत तुमचाही वेळ घालवू नका आणि माझाही."

खरे सांगायचे तर त्या क्षणी मला डॉक्टरचे कौतुक वाटले. कोणीतरी ठणकावून सांगायलाच हवे होते, असे मनाशी म्हणत परतीच्या वाटेवर बसमध्ये मीही त्याला चार शब्द सुनावले. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

त्यानंतर आठ-नऊ महिने तो कुठल्याच दवाखान्यात गेला नाही. खर्रा पाचावरून दोनावर आला होता, पण सुटला नव्हता. दरम्यान गालाच्या आत गाठ झाली. "अरे, मग आधी का नाही गेलास?" या माझ्या प्रश्नावर तो म्हणाला, "सुटला नाही तं कोणत्या तोंडानं जाऊ जी?"

कोणत्या तोंडाने जाऊ! मराठीतला हा नेहमीचा वाक्प्रचार मी कादंबऱ्यांत कितीदा वापरला असेल. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. रोग्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या आजारावर उपचार नाकारण्याचा अधिकार डॉक्टरला आहे काय? दारू पिणाऱ्याचे यकृत, विडी ओढणाऱ्याची फुफ्फुसे, लस न घेणाऱ्याचा ताप, घरीच बाळंत होण्याचा हट्ट धरणाऱ्या बाईचा रक्तस्राव, या सगळ्यांना "तुझे तू पाहा" असे म्हणता येईल काय?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेनुसार कोणत्या रोग्यावर उपचार करायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरला आहे. मात्र तातडीच्या प्रसंगी मदत करणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि एकदा रोगी हाती घेतला की पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय त्याला सोडता येत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले होते. पण तीन आठवड्यांतच ते स्थगित झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात बजावले की जखमी माणसाचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले काम आहे, पोलिसांचे सोपस्कार नंतर. त्या खटल्याच्या मुळाशी एक अपघातग्रस्त स्कूटरस्वार होता. एका रुग्णालयाने त्याला दुसरीकडे पाठवले आणि तो वाटेतच गेला. आणखी एक कायदा आठवतो. एड्सची साथ आली तेव्हा अनेक रोग्यांना "वागणूकच तशी असेल" म्हणून दारातून परत पाठवले गेले. शेवटी एचआयव्हीग्रस्तांना उपचार नाकारण्यास मनाई करणारा कायदा २०१७ साली करावा लागला.

म्हणजे मरणाच्या दारातल्या माणसाबद्दल वाद नाही. वाद आहे तो माझ्या शिपायासारख्यांचा. जे आज मरत नाहीत, पण ज्यांना आज हात दिला नाही तर उद्याची खात्री नाही.

हा वाद काही आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये १९९३ साली मँचेस्टरच्या एका हृदयरोग्याला सिगारेट सोडल्याशिवाय पुढच्या तपासण्या करणार नाही असे सांगण्यात आले. त्याने सिगारेट सोडली, पण तपासणीची पाळी येण्याआधीच तो वारला, आणि देशभर गहजब झाला. २०१६ साली यॉर्क भागातल्या आरोग्य यंत्रणेने लठ्ठ आणि धूम्रपान करणाऱ्या रोग्यांच्या तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया काही महिने लांबणीवर टाकण्याचे ठरवले, तेव्हाही असाच वाद झाला. याच्या उलट उदाहरण जॉर्ज बेस्ट या फुटबॉलपटूचे. दारूने यकृत निकामी झालेल्या या माणसाला २००२ साली नवे यकृत मिळाले. तो पुन्हा दारूकडे वळला आणि २००५ साली गेला. दुसऱ्या कोणाला मिळू शकले असते असे ते यकृत होते. तेव्हा चिडलेल्या लोकांना दोष कसा द्यायचा?

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. यकृत एकच आहे आणि मागणारे दहा आहेत, तेव्हा ते कोणाकडे टिकेल हे पाहावेच लागते. शस्त्रक्रियेपूर्वी विडी-सिगारेट सोडली तर भूल सोसते, जखम लवकर भरते. म्हणून सर्जन तशी अट घालतो, तीही रोग्याच्या भल्यासाठी. अशी अट उपचाराचाच भाग असते. पण तोंडाची तपासणी करायला खर्रा सुटलेला असण्याची काय गरज? तोंड आखडणे ही कित्येकदा कर्करोगाच्या आधीची पायरी असते. अशा माणसाला दर काही महिन्यांनी डॉक्टरने पाहिलेच पाहिजे, आणि खर्रा चालू असेल तर अधिकच काळजीने. तिथे घातलेली अट म्हणजे शिक्षा. गोळ्या देण्याआधी दंड वसूल करण्यासारखे ते आहे.

मी आयुष्यभर बँकेत बसून माणसांना नकार दिले. ते माझे कामच होते. पत पाहायची, तारण पाहायचे, जुनी थकबाकी पाहायची आणि मग सही करायची. "दारू पितो, याला बैलजोडीचे कर्ज देऊ नका" असे शेरेही मी वाचले आहेत आणि मानले आहेत. पण नकार दिलेला माणूस माझ्या टेबलावरून उठून कुठे जातो हे मला ठाऊक होते. तो सावकाराकडे जातो. डॉक्टरने नाकारलेला माणूसही कुठेतरी जातोच. तो वैदूकडे जातो, भोंदूकडे जातो, नाहीतर गुपचूप घरी बसतो. बँकेला पत पाहावी लागते, कारण तो पैसा ठेवीदारांचा असतो. दवाखान्याच्या दारात माणसाची पत पाहण्याचे काही कारण नाही.

आणि ज्याला आपण रोग्याची "निवड" म्हणतो, ती खरेच निवड असते काय? आमच्याकडे शाळेत जाणारी पोरे खर्रा खातात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि प्रत्येक पानठेल्यावर खर्रा मिळतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात बायांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून १ एप्रिल २०१५ पासून ती आणली आणि २०२१ साली सरकारने ती उठवली. बंदी असावी की नसावी हा वेगळा वाद. पण बाटलीवरचा महसूल सरकारने घ्यावा आणि यकृत सुजल्यावर चूक मात्र एकट्या पिणाऱ्याची ठरावी, हा हिशेब माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याला जुळत नाही. चंद्रपूरचीच हवा घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत हे औद्योगिक क्षेत्र देशात चौथे होते. कोळशाच्या खाणीत तीस वर्षे काढून विडीही ओढणारा कामगार खोकत आला, तर त्याच्या छातीतला किती दोष विडीचा आणि किती खाणीचा, हे कोणता डॉक्टर वेगळे करून सांगेल?

आणखी एक उदाहरण आमच्या भागातल्या माणसाला पटेल. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला माणसे पहाटे जंगलात जातात. वाघ आहे हे त्यांना ठाऊक असते. वनखात्याने जाऊ नका असे सांगितलेलेही असते. तरी जातात, कारण त्या दोन महिन्यांवर घरातले वर्ष चालते. कोणी वाघाच्या तावडीतून रक्तबंबाळ होऊन आला, तर "आधी जंगलात जाणे सोड, मग टाके घालतो" असे म्हणणारा डॉक्टर मी पाहिलेला नाही. मग दारू आणि खर्ऱ्यालाच वेगळा न्याय का? मला वाटते, त्या आजारात आपल्याला पाप दिसते म्हणून.

आजारात पाप पाहण्याची ही सवय जुनी आहे. वरोऱ्याजवळच्या माळरानावर बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले ते याच सवयीविरुद्ध. महारोग हे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ, असे तेव्हा चांगली शिकलीसवरलेली माणसेही मानत. खुद्द बाबांनीही पावसात पडलेला पहिला महारोगी पाहिला तेव्हा भीतीने पाय मागे घेतला होता. हे त्यांनी कधी लपवले नाही. मग ते परत फिरले. आपल्या जिल्ह्याला हा वारसा आहे, तो केवळ सहलीला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवण्यापुरता असू नये.

डॉक्टरांची बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. एटापल्ली-भामरागडकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने काय काय सोसायचे? नाले ओलांडून नर्सबाई लस घेऊन जाते आणि गाव दारे लावून घेते. करोनाच्या काळात २०२१ साली हे झाले. माणसे लशीला भीत होती. त्या वर्षी नोव्हेंबरात औरंगाबादच्या प्रशासनाने तर एकही मात्रा न घेतलेल्यांना रेशन आणि पेट्रोल न देण्याचा आदेश काढला होता. सांगून सांगून थकलेल्या माणसाचा तोल जातो, हे समजण्यासारखे आहे. वर पुन्हा रोगी दगावला की नातेवाइकांचे हात डॉक्टरच्या गळपट्टीला. पण थकणे वेगळे आणि थकव्याला तत्त्व म्हणणे वेगळे. "आज माझ्याच्याने होत नाही, उद्या या" हे माणसाचे बोलणे झाले. "तुम्ही लायक नाही" हा निवाडा झाला, आणि निवाडा देण्यासाठी कोर्ट आहे.

मग करायचे काय? उत्तर शोधायला लांब जायला नको. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली तेव्हा आदिवासी दवाखान्यात येत का नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे साधी होती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. नर्सा पांढरे कपडे घालतात, आणि पांढरे कापड तर आम्ही मढ्यावर घालतो. नातेवाइकांना तुम्ही जवळ राहू देत नाही. त्यावर बंग दांपत्याने "अडाणी आहेत" असा शेरा मारला नाही. शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. बाया बाळंतपणाला दवाखान्यात येत नाहीत ना, मग गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केले आणि बाळाची काळजी घरापर्यंत नेली. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि जगभर गाजला. बायांना रागावून एकही मूल वाचले नसते.

आणि हेच डॉ. बंग व्यसनाच्या बाबतीत मऊ नाहीत. दारूविरुद्ध ते आयुष्यभर लढले. २०१६ पासून 'मुक्तिपथ'मधून तंबाखूविरुद्धही लढत आहेत. व्यसनाशी भांडायचे आणि व्यसनी माणसाला जवळ घ्यायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? त्यांना स्वतःला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा आपले खाणे, व्यायाम, ताण यांत आपण कुठे चुकलो हे त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'मध्ये मोकळेपणाने लिहिले. डॉक्टरांचीही जाणूनबुजून चूक होते. तेव्हा त्यांना दारातून कोणी परत पाठवले नाही. मग खर्रा खाणाऱ्यालाच का पाठवावे?

माझ्या शिपायाची शस्त्रक्रिया नागपूरला झाली. अर्धा जबडा काढला. त्याचे बोलणे आता त्याच्या बायकोशिवाय कोणाला नीट कळत नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला विचारले होते, "काका, पहिला खर्रा कितव्या वर्षी खाल्ला?" तो म्हणाला, "नववं असन." बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मग तो एका दिवसात कसा सुटणार? सोडवू आपण. सुटला नाही तरी दर महिन्याला यायचं, चुकवायचं नाही."

खर्रा सुटला. शस्त्रक्रियेच्या भीतीने सुटला की "सोडवू आपण" या दोन शब्दांनी, ते मला सांगता येणार नाही. मात्र बसमध्ये मी त्याला सुनावलेले चार शब्द मला परत घेता येत नाहीत. गेल्या महिन्यात भेटायला गेलो तेव्हा त्याने पाटीवर खडूने लिहून विचारले, 'साहेब, चहा?' मी हो म्हणालो. त्याची वाटी पुढे आली तेव्हा चहा निवेपर्यंत तो थांबला, आणि मीही थांबलो.