विहारातले लग्न आणि परदेशाचा व्हिसा

कुरुळी-चाकण पट्ट्यातली आपली मुले जर्मनीला नोकरीसाठी, इंग्लंडला शिक्षणासाठी जाऊ लागली आहेत. जोडीदाराला नेताना पहिली अडचण येते ती लग्नाच्या दाखल्याची. आपले विवाह १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली येतात. पण व्हिसासाठी विहाराचे पत्र किंवा फोटो पुरत नाहीत. गावात ग्रामसेवकाकडे, शहरात महापालिकेत विवाह नोंदवावा लागतो. दाखला व पासपोर्ट यांवरील नावे जुळली पाहिजेत.

जर्मनीसाठी जोडीदाराला साधारणपणे ए-१ पातळीचे जर्मन यावे लागते; नोकरदाराकडे ईयू ब्लू कार्ड असल्यास सूट मिळते. १ मार्च २०२४ पासून प्रथमच परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना काही अटींवर आईवडिलांनाही बोलावता येते.

इंग्लंडमध्ये मात्र जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या एमए, एमएस्सीसारख्या अभ्यासक्रमांना कुटुंब नेता येत नाही, पीएचडीला येते. सरकारच्या पूर्ण शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांसाठी वेगळी सवलत आहे. म्हणून राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळालेल्यांनी आपण त्यात बसतो का, हे विद्यापीठाला आधीच लेखी विचारावे.

यापुढे मंगल परिणयाच्या पत्रिकेसोबतच नोंदणीचा अर्जही तयार ठेवू या. जय भीम!