पोर्टलंडचे व्हिक्टोरिया मॅन्शन : साजासकट टिकलेला वाडा

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील सधन कुटुंबांना भुरळ घालणारी ‘इटालियनेट’ वास्तुशैली इटलीतील खेडवळ भागांतल्या हवेल्यांवरून घडली. कमी उताराचे छप्पर, नक्षीदार टेकूंवर पुढे आलेली रुंद वळचण, कमानदार खिडक्या आणि एका अंगाला उठवलेला चौकोनी मनोरा ही तिची लक्षणे होत. अशी अनेक घरे आजही उभी असली, तरी ज्यांच्या भिंतींबरोबर आतील साजही शाबूत राहिला अशी फारच थोडी आहेत. मेन राज्यातील पोर्टलंड शहराचे व्हिक्टोरिया मॅन्शन त्यांपैकी एक आहे.

मूळचे मेनचेच असलेले रगल्स सिल्व्हेस्टर मोर्स यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये हॉटेलांच्या व्यवसायात संपत्ती मिळवली आणि १८५८ ते १८६० या काळात उन्हाळी निवासासाठी हे घर बांधून घेतले. न्यू हेवनचे वास्तुविशारद हेन्री ऑस्टिन यांनी त्याचा आराखडा केला आणि विटांच्या भिंतींना तपकिरी वालुकाश्माचे आवरण दिले. अंतर्गत सजावट जर्मनीत जन्मलेले गुस्ताव हर्टर यांच्याकडे होती, तर भित्तिचित्रे जुझेप्पे ग्विदिचिनी यांनी रंगवली. सपाट पृष्ठभागावर छायाप्रकाशाच्या आधारे कोरीव काम असल्याचा आभास निर्माण करणारी चित्रणपद्धती येथे इतक्या कौशल्याने योजली आहे, की खरे कोरीव काम कुठे संपते आणि रंगकाम कुठे सुरू होते, हे चटकन उमगत नाही. पुरुषांसाठी असलेली धूम्रपानाची खोली तुर्की धर्तीवर सजवलेली असून गॅसचे दिवे, नळाचे गरम व थंड पाणी अशा त्या काळी नवलाच्या सोयीही घरात होत्या.

हे वैभव ज्या न्यू ऑर्लिन्सच्या भरभराटीतून आले, ती कापसाच्या व्यापारावर आणि गुलामांच्या श्रमावर उभी होती व मोर्स यांनी स्वतःही गुलाम बाळगले होते. म्हणून या वाड्याच्या सौंदर्याची कहाणी त्या श्रमांना वगळून पूर्ण होत नाही.

मोर्स १८९३ मध्ये निवर्तले. त्यांच्या पत्नी ऑलिव्ह यांनी पुढच्याच वर्षी हे घर सामानासकट पोर्टलंडचे व्यापारी जोसेफ राल्फ लिबी यांना विकले आणि लिबी कुटुंबानेही जुनी सजावट फारशी न बदलता तेथे १९२८ पर्यंत वास्तव्य केले. पुढे रिकाम्या पडलेल्या या घराच्या जागी पेट्रोल पंप उभारण्याचा घाट घातला गेला. तेव्हा निवृत्त शिक्षणतज्ज्ञ विल्यम होम्स आणि त्यांच्या भगिनी क्लारा यांनी ते विकत घेऊन वाचवले, राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले आणि १९४१ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले केले. १९७० मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

आज मूळ सामानापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वस्तू तेथे आहेत. वास्तुविशारदाची कीर्ती कितीही मोठी असली, तरी एवढा ठेवा केवळ तिच्या बळावर टिकत नाही. एकामागून एक आलेल्या धन्यांनी मोडतोड न करण्याचा संयम पाळला आणि ऐन वेळी दोघा भावंडांनी पदरमोड केली, म्हणूनच तो टिकला.