सर्व्हर ज्या फाइलकडे पाहतच नाही

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचा बाहेरच्या जगाशी होणारा बराचसा व्यवहार आज संकेतस्थळांवरून चालतो. राज्य शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला, आणि शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री किंवा ओझरला येऊ पाहणारा पर्यटक मुक्कामाची सोय आता घरी बसून भ्रमणध्वनीवर शोधतो. दुसरीकडे खोडद येथील जीएमआरटी या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीचा वेळ मागणारे शास्त्रज्ञही आपले प्रस्ताव संगणकाच्या जाळ्यावरूनच पाठवतात. या दोन टोकांमध्ये तांत्रिकदृष्ट्या एक मोठा फरक असतो. संशोधन संस्थेचे सर्व्हर तिच्या स्वतःच्या ताब्यात असतात, तर एखाद्या कृषी पर्यटन केंद्राचे संकेतस्थळ बहुधा भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर, शेकडो अनोळखी संकेतस्थळांच्या शेजारी नांदत असते, आणि त्याच्या मालकाला त्या सर्व्हरच्या मुख्य व्यवस्थेला हात लावण्याची मुभा नसते.

वेब सर्व्हर म्हणजे वाचकाच्या ब्राउझरकडून आलेली मागणी ऐकून योग्य पान परत पाठवणारी आज्ञावली, आणि तिने कसे वागावे याच्या सूचना ज्या साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेल्या असतात त्यांना कॉन्फिगरेशन फाइल, किंवा बोलीत कॉन्फिग फाइल, म्हणतात. कोणत्या नावाचे संकेतस्थळ कोणत्या फोल्डरमधून दाखवायचे, जुना पत्ता नव्याकडे कसा वळवायचा, पानातील अक्षरे कोणत्या संकेतपद्धतीने वाचायची, हे सारे तेथे ठरते. यांतील शेवटची सूचना मराठी पानांच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते, म्हणजे ‘जुन्नर’ हा शब्द १८ बाइटांचा होतो. सर्व्हरने ब्राउझरला चुकून जुन्या पश्चिम युरोपीय संकेतपद्धतीचे नाव कळवले, तर प्रत्येक बाइट सुटा वाचला जाऊन शब्दाच्या जागी स्वरचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांची रांग उमटते. पानाच्या आत यूटीएफ-८ असे लिहिलेले असले तरी उपयोग होत नाही, कारण सर्व्हरने उत्तराच्या शीर्षभागात जे कळवले असेल ते ब्राउझर पानातील नोंदीपेक्षा वरचढ मानतो. अशा वेळी जाणकार ‘अ‍ॅड डिफॉल्ट कॅरसेट’ ही सूचना कॉन्फिग फाइलीत लिहिण्यास सांगतो, ती लिहिली जाते, फाइल जतन होते, आणि पान होते तसेच गचाळ दिसत राहते.

अडचणीची खरी सुरुवात येथे होते, कारण नाकारलेली फाइल आणि न वाचलेली फाइल यांत मूलभूत भेद असून सामान्यतः पहिल्याच प्रकाराचा आवाज होतो. चुकीची सूचना वाचली गेली की सर्व्हर तक्रार करतो. जी फाइल त्याने उघडलीच नाही तिच्याविषयी त्याला बोलण्यासारखे काही नसते. तरीही बहुतेक लोक तासन्‌तास फाइलीतील मजकूरच तपासत बसतात, स्वल्पविराम हलवतात, दुसरीकडून उतरवलेल्या ओळी चिकटवून पाहतात, आणि त्या ओळींपर्यंत सर्व्हर पोहोचतो का हा पहिला प्रश्न शेवटपर्यंत विचारला जात नाही.

या मौनामागे थोडा इतिहास आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल यांनी लिहिलेल्या सर्व्हरमध्ये प्रत्येक फोल्डरला आपापली छोटी नियमफाइल ठेवण्याची सोय होती. त्या सर्व्हरच्या पायावर १९९५ मध्ये अपाचे हा सर्व्हर उभा राहिला आणि टिंबाने सुरू होणारी ‘.एचटीअ‍ॅक्सेस’ ही फाइल त्याच्याकडे वारशाने आली. सामायिक सर्व्हरवरील भाडेकरूला मुख्य फाइल न उघडता स्वतःपुरते नियम करता येतात, ही तिची सोय. पण प्रत्येक मागणीच्या वेळी वाटेतील प्रत्येक फोल्डरमध्ये ती शोधावी लागते, आणि भाडेकरूच्या हाती किती अधिकार द्यायचे हाही प्रश्न उरतो. म्हणून मुख्य फाइलीत ‘अलाउ ओव्हरराइड’ नावाची एक किल्ली ठेवलेली आहे. पूर्वी ती काहीच न लिहिता ‘सर्व परवानगी’ अशा स्थितीत असे, २.३.९ या आवृत्तीपासून ती ‘काहीच परवानगी नाही’ अशी झाली, आणि २०१२ मध्ये २.४ ही स्थिर आवृत्ती आल्यावर हा बदल सर्वांपर्यंत पोहोचला. जुन्या पुस्तकांतील व धड्यांतील कृती नव्या सर्व्हरवर निमूटपणे निष्फळ ठरतात त्याचे हे एक मोठे कारण आहे. स्वतःच्या संगणकावर उबुंटू ही संगणकप्रणाली चढवून अपाचे शिकणारा अवसरी खुर्दच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थीही येथेच अडखळेल, कारण तेथील मुख्य फाइलीत संकेतस्थळांच्या फोल्डरसाठी ही किल्ली बंदच दिलेली असते.

निदानाची सर्वांत खात्रीची रीत थोडी उद्धट आहे: फाइल मुद्दाम बिघडवायची. संकेतस्थळाच्या आत एक वेगळे चाचणीचे फोल्डर करावे, म्हणजे चालू पाने बंद पडत नाहीत, आणि त्यातील .एचटीअ‍ॅक्सेसमध्ये कोणत्याही सूचनेशी न जुळणारा एखादा निरर्थक शब्द लिहून ते फोल्डर ब्राउझरमध्ये उघडावे. ५०० क्रमांकाची त्रुटी आली तर आनंद मानावा. फाइल वाचली जात आहे, आणि दोष आतील मजकुरात आहे. ४०३ आली तर बहुधा फाइल सापडली पण वाचण्याची परवानगी सर्व्हरला मिळाली नाही. पान शांतपणे उघडले, तर फाइल वाचलीच जात नाही हे जवळजवळ सिद्ध होते. जवळजवळ म्हणण्याचे कारण असे, की अनोळखी सूचनांवर अडून बसू नये असेही मुख्य फाइलीत क्वचित लिहिलेले असते, तेव्हा त्रुटींच्या नोंदवहीवर, म्हणजे एरर लॉगवर, एक नजर टाकलेली बरी. किल्ली अर्धवट उघडी असेल तर नोंदवहीत ‘ही सूचना येथे चालणार नाही’ अशा अर्थाची ओळ सापडते, आणि तीही उपयोगाची असते.

वाचली न जाण्याचे दुसरे कारण पत्त्याचे. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिले ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. नावावरून कचेरीचा पत्ता ताडणारा माणूस जसा पाण्याच्या काठाशी जाऊन उभा राहील, तशीच गत नावावरून फोल्डर ताडणाऱ्याची होते. सर्व्हर कोणत्या फोल्डरला मूळ मानतो हे ‘डॉक्युमेंट रूट’ या सूचनेत लिहिलेले असते आणि फोल्डरच्या नावाशी त्याचा संबंध असेलच असे नाही. शिवाय एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे असतात, त्यांतील प्रत्येकाच्या नियमगटाला व्हर्च्युअल होस्ट म्हणतात, आणि साध्या जोडणीचा ८० क्रमांकाचा व सुरक्षित जोडणीचा ४४३ क्रमांकाचा दरवाजा यांचे नियमगट वेगळे असतात. ८० च्या गटात घातलेली सूचना ४४३ ने येणाऱ्या वाचकाला लागू होत नाही, आणि आज जवळजवळ सर्व वाचक त्याच दरवाजाने येतात.

मराठी संस्थांना यातील आणखी एक खाचखळगा ठाऊक असावा. देवनागरीतील .भारत हे क्षेत्रनाम २०१४ पासून उपलब्ध आहे, परंतु इंटरनेटची नामव्यवस्था आतून रोमन अक्षरांवरच चालत असल्यामुळे ब्राउझर देवनागरी नाव ‘प्युनीकोड’ नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरांत व अंकांत रूपांतरित करून पाठवतो. ‘सर्व्हर नेम’ या सूचनेत कोणी हौसेने देवनागरी नाव लिहिले, तर आलेले नाव त्याच्याशी जुळत नाही, अपाचे मुकाट्याने त्या दरवाजावरील पहिल्या क्रमांकाच्या संकेतस्थळाकडे मागणी सोपवतो, आणि आपण लिहिलेला संपूर्ण नियमगट अस्पर्शित राहतो. ‘अपाचेसीटीएल’ या आज्ञेला मोठ्या लिपीतील एस हा पर्याय दिला की कोणते नाव कोणत्या फाइलीतील कोणत्या ओळीशी बांधले आहे याची यादी मिळते. ताडण्यापेक्षा ती पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

काही कारणे क्षुल्लक असून फार वेळ खातात. विंडोजच्या नोटपॅडने नावापुढे .टीएक्सटी जोडलेले असते, किंवा टिंबाने सुरू होणारी फाइल लपवली जात असल्याने ती सर्व्हरवर चढवताना मागेच राहते. उबुंटूवर अपाचे २.४ मध्ये संकेतस्थळाच्या फाइलीचे नाव .कॉन्फ ने संपले नाही तर ती गाळली जाते, कारण समावेशाची सूचना तेवढ्याच फाइली उचलते. ‘इफ मॉड्यूल’ या कंसात लिहिलेले नियम संबंधित मॉड्यूल चालू नसल्यास शब्दही न उच्चारता सोडून दिले जातात. हा कंस सावधगिरीचा म्हणून शिकवला जातो. दोष लपवण्याचे त्याचे सामर्थ्य पाहता तो जपूनच वापरावा.

समोर अपाचेच नसेल तर हा सारा खटाटोप व्यर्थ जातो. इगोर सिसोएव यांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एंजिन-एक्स हा सर्व्हर .एचटीअ‍ॅक्सेस मुळात ओळखतच नाही. अनेक ठिकाणी तो अपाचेच्या पुढे उभा केलेला असतो आणि छायाचित्रांसारख्या फाइली स्वतःच परस्पर देऊन टाकतो, त्यामुळे एकाच फोल्डरमधील पानांना नियम लागतो आणि छायाचित्रांना लागत नाही, असे चक्रावून टाकणारे दृश्य दिसते. उत्तराच्या शीर्षभागात सर्व्हरचे नाव बहुधा लिहिलेले असते. ब्राउझरच्या विकसक साधनांत ते पाहता येते, पण तेथे पुढच्या सर्व्हरचे नाव दिसते, मागच्याचे नव्हे.

फाइल वाचली जाते पण तिचे म्हणणे नंतर पुसले जाते, हा प्रकार निराळा आहे. अपाचे आधी फोल्डरचे नियम आणि त्यांवर .एचटीअ‍ॅक्सेस लागू करतो, पुढे फाइलींचे आणि त्याही नंतर पत्त्याचे, म्हणजे ‘लोकेशन’चे नियम, म्हणून मुख्य फाइलीतील लोकेशनची एक ओळ भाडेकरूच्या सूचनेवर सहज मात करते. पीएचपी या संगणकभाषेच्या बाबतीत फोल्डरमधील ‘.यूजर.आयएनआय’ ही फाइल वाचून ३०० सेकंद लक्षात ठेवली जाते, तेव्हा बदल केल्यावर पाच मिनिटे थांबण्याचा संयम नसलेला माणूस योग्य दुरुस्तीही चुकीची समजून पुसून टाकतो. मुख्य कॉन्फिग फाइलीतील बदल तर सर्व्हरला ती पुन्हा वाचायला सांगितल्याशिवाय लागूच होत नाही; .एचटीअ‍ॅक्सेस मात्र दर मागणीला वाचली जाते, आणि या फरकामुळे दोन्ही फाइलींवर काम करणाऱ्यांचा नेहमी घोटाळा होतो.

कधी सर्व्हर सुधारलेला असतो आणि जुने चित्र ब्राउझर दाखवत असतो. ३०१ क्रमांकाचे, म्हणजे कायमचे, स्थलांतर ब्राउझर लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारताच वाचकाला जुन्या वळणावर नेतो. म्हणून चाचणीच्या काळात ३०२ क्रमांकाचे तात्पुरते स्थलांतर वापरावे आणि नियम पक्का झाल्यावरच ३०१ लिहावे. स्वतःचा सर्व्हर ज्याच्या हाती आहे त्याने तर .एचटीअ‍ॅक्सेसमधील नियम मुख्य फाइलीत हलवून अलाउ ओव्हरराइडची किल्ली बंदच ठेवावी, असा अपाचेच्या अधिकृत मार्गदर्शिकेचाही सल्ला आहे. सामायिक सर्व्हरवरील भाडेकरूला तो मार्ग मोकळा नसतो, आणि त्याच्या बाबतीत निरर्थक शब्दाच्या चाचणीनंतर पान शांतपणे उघडले, तर पुढचा दूरध्वनी सेवा पुरवठादारालाच करावा लागतो.