न दिसलेल्या क्षणाचा तपास

गुन्हेकथेवर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचा हंगाम संपतो तेव्हा पडद्यावरचा तपास थांबतो आणि प्रेक्षकांचा सुरू होतो. हंगाम म्हणजे सलग दाखवल्या जाणाऱ्या ठरावीक भागांचा संच; तो संपला की पुढचा संच येईपर्यंत काही महिने, क्वचित काही वर्षेही जातात, आणि हा खंड प्रेक्षकांनी विसरून जाऊ नये म्हणून अखेरच्या भागात कथानक ऐन मोक्याच्या जागी तोडले जाते. या तंत्राला क्लिफहँगर म्हणतात. त्यानंतर चाहते जे तर्क लढवतात ते रिकामटेकड्यांचे उद्योग म्हणून मोडीत काढणे सोपे असले, तरी रहस्यकथेचा लेखक आणि वाचक यांच्यात जो अलिखित करार असतो त्याचाच तो विस्तार असतो. आणि या कराराचे बळ जसे त्यात दिसते, तशा त्याच्या मर्यादाही दिसतात. बीबीसीच्या ‘शेरलॉक’ या मालिकेच्या दुसऱ्या हंगामाचा शेवट आणि त्यानंतरची जवळपास दोन वर्षे हे याचे बोलके उदाहरण आहे.

स्टीव्हन मॉफट आणि मार्क गेटिस यांनी निर्माण केलेली ही मालिका जुलै २०१० मध्ये सुरू झाली. आर्थर कॉनन डॉयलचा घोडागाड्यांच्या काळातला गुप्तहेर त्यांनी मोबाइल आणि इंटरनेटच्या लंडनमध्ये आणला; बेनेडिक्ट कंबरबॅच शेरलॉक होम्स झाला आणि मार्टिन फ्रीमन डॉ. जॉन वॉटसन. एका हंगामात सुमारे दीड तासाचे अवघे तीन भाग असल्यामुळे प्रत्येक भाग चित्रपटासारखा बारकाईने पाहिला जाई. दुसऱ्या हंगामाचा अखेरचा भाग, ‘द रायकेनबाक फॉल’, १५ जानेवारी २०१२ रोजी प्रसारित झाला. त्यात मॉरिआर्टी हा खलनायक शेरलॉकला आधी लबाड ठरवून त्याची अब्रू धुळीला मिळवतो आणि मग सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयाच्या गच्चीवर त्याच्यापुढे पेच टाकतो : शेरलॉकने उडी मारून जीव दिला नाही, तर त्याच्या तीन जिवलगांवर नेम धरून बसलेले मारेकरी गोळ्या झाडतील. हा हुकूम मागे घेण्याची वाटही बंद व्हावी म्हणून मॉरिआर्टी स्वतःवरच गोळी झाडून घेतो. शेरलॉक जॉनला फोन करून निरोप घेतो, फोन बाजूला टाकतो आणि उडी मारतो. जॉन रक्ताने माखलेला देह पाहतो, त्याच्या मनगटाची नाडी तपासतो, ती लागत नाही. पुढे दफनभूमीत तो मित्राच्या थडग्यापुढे उभा असताना दुरून त्याच्याकडे पाहणारा शेरलॉक कॅमेऱ्यात दिसतो आणि हंगाम संपतो.

शेरलॉक जिवंत आहे की नाही, हा प्रश्न लेखकांनी शिल्लकच ठेवला नव्हता. तो कसा वाचला, एवढाच ठेवला होता. सामान्य क्लिफहँगरमध्ये ‘पुढे काय होणार’ अशी उत्सुकता असते, येथे ती ‘मागे काय झाले’ अशी होती. भविष्याबद्दल कोणीही काहीही बोलू शकतो, पण घडून गेलेल्या घटनेला साक्षीपुरावा लागतो, आणि तो सगळा त्या चित्रफितीत उपलब्ध होता. त्यामुळे तिचे अक्षरशः पंचनामे झाले. उडी मारण्यापूर्वी शेरलॉक जॉनला आहे तिथेच उभे राहायला का बजावतो? जॉन आणि पदपथ यांच्यामध्ये एक बैठी इमारत असल्यामुळे देह जमिनीवर आदळण्याचा क्षण त्याला दिसत नाही, हा योगायोग आहे काय? तो धावत निघताच एक सायकलस्वार त्याला नेमका धडकतो आणि काही मोलाचे क्षण वाया जातात, ते कोणाच्या फायद्याचे? पदपथाला लागून उभी असलेली, गाठोड्यांनी भरलेली मालमोटार गडबडीत का निघून जाते? शेरलॉकने आदल्या प्रसंगात प्रयोगशाळेत उडवलेला रबरी चेंडूही कोणाच्या नजरेतून सुटला नाही, कारण असा चेंडू काखेत घट्ट दाबला तर हाताकडे जाणारा रक्तप्रवाह रोखला जाऊन मनगटाची नाडी काही वेळ लागत नाही. शवागारात काम करणाऱ्या मॉली हूपरकडे त्याने मदत मागितली होती, आणि अपहरणातून सुटलेली एक मुलगी त्याला पाहताच किंचाळली होती. म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणी असलाच पाहिजे, असे अनुमान त्यावरून निघाले. त्यातच, सर्वांच्या नजरेतून सुटलेला एक धागा अजून शिल्लक आहे, असे मॉफट यांनी जाहीरपणे सांगून आगीत तेल ओतले.

या विचारपद्धतीला भारतीय तत्त्वचिंतनात फार जुने नाव आहे. मीमांसकांनी ज्ञानाच्या साधनांमध्ये ‘अर्थापत्ती’ची गणना केली आहे. खात्रीच्या दोन गोष्टी परस्परविरोधी दिसू लागल्या की त्यांचा मेळ घालण्यासाठी न दिसलेली तिसरी गोष्ट मानावी लागते, ती अर्थापत्ती. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरीही धष्टपुष्ट आहे, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे, हे तिचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. शेरलॉकच्या चाहत्यांपुढे अशाच दोन गोष्टी होत्या : तो गच्चीवरून पडला हे त्यांनी पाहिले होते आणि तो दफनभूमीत उभा आहे हेही पाहिले होते. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात चार्ल्स पर्स या अमेरिकी विचारवंताने दिसलेल्या परिणामावरून सर्वांत संभाव्य कारणाकडे जाण्याच्या अशाच रीतीची मीमांसा केली, आणि होम्सची पद्धत व पर्सची मांडणी यांची तुलना करणाऱ्या निबंधांचा एक ग्रंथ उंबेर्तो एको आणि टॉमस सेबिओक यांनी १९८३ मध्ये संपादित केला. दूरचित्रवाणीचे अभ्यासक जेसन मिटेल यांनी, पुरावे गोळा करून कथानकाची चिरफाड करणाऱ्या अशा प्रेक्षकवर्गाच्या वृत्तीला ‘फॉरेन्सिक फॅन्डम’ म्हटले आहे. न्यायवैद्यक तज्ज्ञ जसा मृतदेहाकडे पाहतो तसा हा प्रेक्षक कथेकडे पाहतो, असा त्याचा आशय.

असा तपास करण्याचा हक्क प्रेक्षकाला मिळतो तो रहस्यकथेच्या कुळधर्मातून. लेखकाने उत्तराकडे नेणारे सर्व धागे वाचकापुढे ठेवावेत, ते हवे तर गर्दीत लपवावेत, पण दडवून ठेवू नयेत, हा दोन महायुद्धांमधल्या काळातील इंग्रजी रहस्यकथेचा दंडक होता. रोनल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये त्याचे दहा नियम मांडले. याच नॉक्स यांनी १९११ मध्ये होम्सकथांमधील विसंगतींची, जणू धर्मग्रंथांचीच चिकित्सा करावी अशा गंभीर आविर्भावात, चेष्टेखोर छाननी केली होती. होम्स आणि वॉटसन ही खरीखुरी माणसे होती असे मानून कथांमधल्या तारखा, जखमा आणि विवाह यांची संगती लावण्याचा जो खेळ होम्सभक्त आजही खेळतात, त्याला या छाननीने प्रतिष्ठा दिली. म्हणजे नियम घालणारा आणि त्रुटी शोधणारा एकच माणूस होता. रहस्यकथेचा चोखंदळ वाचक बहुधा असाच असतो.

होम्सच्या मृत्यूने वाचक हवालदिल होण्याची ही पहिली वेळही नव्हती. त्याच्या कथा लिहून कंटाळलेल्या डॉयलने ‘स्ट्रँड’ मासिकाच्या डिसेंबर १८९३ च्या अंकात त्याला मॉरिआर्टीसह स्वित्झर्लंडमधल्या रायकेनबाक धबधब्यात लोटले. लंडनमधल्या तरुणांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, ही गोष्ट नंतर रंगवून सांगितलेली आख्यायिका असण्याचा संभव असला, तरी वाचकांच्या रोषाची आणि बंद झालेल्या वर्गण्यांची चर्चा पुष्कळ झाली. तेथेही वॉटसनने प्रत्यक्ष पडणे पाहिले नव्हते. त्याला सापडल्या त्या कड्याकडे जाणाऱ्या पाऊलखुणा, काठी आणि चिठ्ठी. ही फट डॉयलला दहा वर्षांनी उपयोगी पडली. १९०३ मध्ये होम्स परतला आणि आपण पडलोच नव्हतो, मॉरिआर्टी एकटाच पडला, असे त्याने सांगितले. मधल्या अज्ञातवासात आपण दोन वर्षे तिबेटमध्ये हिंडलो, असेही तो ओझरते बोलून गेला, आणि त्या एका वाक्याने पुढच्या लेखकांना कुरण मोकळे झाले. जमयांग नोर्बू या तिबेटी लेखकाच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मंडला ऑफ शेरलॉक होम्स’ या कादंबरीत होम्स तिबेटकडे जाण्यासाठी आधी मुंबई बंदरात उतरतो. भालबा केळकर यांच्या अनुवादांतून होम्सला ओळखणाऱ्या मराठी वाचकाला हा मुक्काम खास वाटावा असा आहे.

२०१२ च्या चाहत्यांची प्रतिक्रिया मात्र तर्कापुरती राहिली नाही. कथेत शेरलॉकची बदनामी झाली होती, म्हणून आपला शेरलॉकवर विश्वास आहे आणि मॉरिआर्टी खरा होता, अशी वाक्ये भित्तिपत्रकांवर आणि स्टिकरांवर उमटली. रुग्णालयाजवळचा लाल टेलिफोन बूथ चिठ्ठ्यांनी भरून गेला. कथेतील जगाला जे ठाऊक नव्हते ते प्रेक्षकांना ठाऊक होते, आणि त्या जोरावर त्यांनी कथेतल्या पात्राची बाजू प्रत्यक्ष शहरात मांडली. निर्मात्यांनीही हा सूर ओळखला : तिसऱ्या हंगामाची तारीख नोव्हेंबर २०१३ मध्ये जाहीर झाली ती लंडनच्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या, फुलांनी सजवलेल्या एका रिकाम्या शववाहिकेवरून.

१ जानेवारी २०१४ रोजी प्रसारित झालेला, गेटिस यांनी लिहिलेला ‘द एम्प्टी हर्स’ हा भाग ब्रिटनमध्ये पहिल्याच रात्री सुमारे ९२ लाख लोकांनी पाहिला. त्यात उत्तर एक नव्हते, तीन होती. पहिल्या उत्तरात लवचिक दोर, खिडकीतून झेप, मॉरिआर्टीच्या मृतदेहावर चढवलेला मुखवटा आणि जॉनला संमोहित करणारा डेरेन ब्राउन हा खराखुरा प्रसिद्ध जादूगार असा सगळा मसाला होता. दुसरे उत्तर शेरलॉक आणि मॉरिआर्टी यांच्यातील प्रेमाची कल्पना करणाऱ्या एका तरुणीचे होते. ही दोन्ही उत्तरे एका मंडळातल्या सदस्यांनी रचलेली असतात, आणि ते मंडळ चालवतो तो अँडरसन : पूर्वी शेरलॉकवर संशय घेणारा आणि आता पश्चात्तापाने झपाटलेला पोलिसांचा न्यायवैद्यक सहायक. म्हणजे लेखकांनी चाहत्यांनाच पात्रे करून कथेत बसवले. तिसरे उत्तर खुद्द शेरलॉक अँडरसनला सांगतो. गच्चीवर एकूण १३ शक्यतांची तयारी होती, खाली हवेची मोठी गादी फुगवलेली होती, भोवतालचे बघे त्याच्या मदतनिसांपैकी होते, सायकलस्वार पेरलेला होता, देहाची अदलाबदल झाली आणि काखेत चेंडू होताच. चाहत्यांनी हेरलेले बरेच धागे बरोबर निघाले होते. एवढे ऐकून अँडरसनचा चेहरा मात्र पडतो. त्याला ही युक्ती जराशी फिकी वाटते, आणि लगेचच, ती खरी असती तर आपल्यालाच का सांगितली असती, अशी शंका त्याला घेरते.

अँडरसनची निराशा हे लेखकांचे प्रामाणिक निदान होते. हजारो लोकांनी दोन वर्षे एखाद्या कोड्यावर डोके चालवले की त्यातील बहुतेक सगळ्या शक्यता कोणी ना कोणी मांडलेल्याच असतात. मग खरे उत्तर जुन्याच शक्यतांपैकी एक निघाले तर ते शिळे वाटते, आणि अगदीच अनपेक्षित निघाले तर त्याचा धागा आधी दाखवला नव्हता म्हणून फसवणूक वाटते. नॉक्स यांच्या काळातील वाचक एकटा वाचत होता आणि उत्तर त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर होते. हंगामांच्या मालिकेत वाचकांचा समूह झाला, त्याला वेळ मिळाला, आणि लेखकापुढे त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी उभा राहिला. उत्तर देऊनही त्यावर संशयाची सावली ठेवणे ही या कोंडीतून काढलेली चतुर वाट होती. काही प्रेक्षकांना ती पळवाट वाटली, आणि करार काटेकोरपणे पाहिला तर त्यांचे म्हणणे रास्तच होते.

या वाटेची किंमत पुढे मोजावी लागली. चौथ्या हंगामाचा शेवटचा भाग १५ जानेवारी २०१७ रोजी प्रसारित झाला. मात्र शेरलॉक आणि जॉन यांचे नाते प्रेमाचे आहे आणि लेखक ते योग्य वेळी उघड करणार आहेत, असे मानणाऱ्या चाहत्यांच्या एका गटाला हा शेवट मुळीच पटला नाही. भागातल्या त्रुटी त्यांनी चुका म्हणून न घेता खुणा म्हणून घेतल्या, आणि खरा शेवट अजून लपवून ठेवला आहे असा निष्कर्ष काढला. पुढच्या रविवारी बीबीसीवर ‘ॲपल ट्री यार्ड’ ही नवी मालिका सुरू होणार होती. ते नाव केवळ पांघरूण असून त्याखाली ‘शेरलॉक’चा गुप्त भाग दाखवला जाईल, असे त्यातल्या काहींनी मानले. ती मालिका लुईझ डाउटी यांच्या आधीच प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर बेतलेली होती आणि ठरल्याप्रमाणे तीच दाखवली गेली.

२०१२ आणि २०१७ या दोन्ही वेळी चाहत्यांची बुद्धी तीच होती आणि चिकाटीही तीच होती. फरक होता तो आधारवाक्यांचा. पहिल्या वेळी दोन गोष्टी निर्विवाद पडद्यावर होत्या आणि न दिसलेली तिसरी शोधायची होती. दुसऱ्या वेळी, शेवट खरा असूच शकत नाही, ही एक गोष्ट मनातून आलेली होती आणि तिच्याशी मेळ घालण्यासाठी पुरावे गोळा केले गेले. देवदत्त धष्टपुष्ट आहे हे आधी पाहावे लागते. तो तसा असावा अशी इच्छा असून चालत नाही. हंगामाच्या शेवटानंतर रंगणाऱ्या कोणत्याही भाकिताची पारख, ते पुढे खरे ठरले की खोटे यापेक्षा, त्याने कोणती गोष्ट पाहिली आणि कोणती नुसतीच मागितली यावरून करणे अधिक न्याय्य ठरते.